विलायती डॉक्टर: शंभर वर्षांपूर्वीची शिडी, आजची चाळणी

नीटचा निकाल लागला की आपल्या जालना जिल्ह्यात, अंबडपासून भोकरदनपर्यंत, अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला किंवा पोरीला मार्क बरे आहेत, पण सरकारी कॉलेजला लागतील एवढे नाहीत. खाजगी कॉलेजची फी झेपत नाही. मग कुणीतरी किर्गिझस्तानचं नाव काढतं, कुणी रशियाचं, कुणी उझबेकिस्तानचं, कुणी बांगलादेशचं. कौतुक असतं आणि कुजबुजही असते. "परदेशात शिकलेला डॉक्टर" हे शब्द ऐकून आजी खूश होते आणि शेजारचा मेडिकलवाला हसतो. एकाच पदवीबद्दल दोन माणसांच्या मनात एवढ्या उलट भावना का असतात, याचं उत्तर इतिहासात आहे. तो इतिहास आपल्याला नीट सांगितला जात नाही, म्हणून आज तो लिहितो आहे.

आजीच्या कौतुकापासून सुरुवात करू. ते जुनं आहे आणि त्याला कारण आहे.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिथून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. म्हणजे मराठी माणसाला आधुनिक वैद्यक शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. पण शिकणं वेगळं आणि वर चढणं वेगळं. सरकारी दवाखान्यांतली मोठी पदं इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी नोकरीच्या हातात होती. तिची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली. पहिल्याच वर्षी बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती तिथे पास झाले. कागदावर दार सगळ्यांना उघडं होतं, पण ते होतं लंडनला. ज्याच्याकडे जहाजाचं भाडं आणि तिथे राहण्याचा खर्च, तोच त्या दारापर्यंत पोचणार. बाकीचे हुशार असूनही हॉस्पिटल असिस्टंट, फार तर असिस्टंट सर्जन म्हणून निवृत्त व्हायचे.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण म्हणजे लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ग्रँट कॉलेजात शिकले, मग इंग्लंडला गेले, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बामनदास बसूंचा मोठा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. त्यांच्याइतकीच बुद्धी असलेले किती जण मुंबईतच थांबले असतील आणि "असिस्टंट" या शब्दाखाली झाकले गेले असतील, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. विलायती पदवीचा मान आला तो इथून. ती पदवी जास्त ज्ञान देत होती असं नाही, ती वरच्या मजल्यावर जायची शिडी होती.

बायकांसाठी तर ही शिडी आणखी उंच होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या. परत येण्याआधीच कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची नोकरी त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघं २१. आपण आनंदीबाईंवर थांबतो, कारण त्यांची कहाणी काळीज हलवते. पण परदेशात शिकलेल्या डॉक्टरची कारकीर्द पुढे कशी जाते हे पाहायचं असेल तर डॉ. रखमाबाईंकडे पाहावं लागेल.

रखमाबाईंचा बालविवाहाचा खटला सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतरची डॉक्टर रखमाबाई फार थोड्यांना माहीत असते. १८८९ मध्ये त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. शिक्षण लंडनला, परवान्याची परीक्षा १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळाकडे आणि एम.डी. ब्रसेल्सला. तीन देश फिरल्यावर एक पूर्ण डॉक्टर! परत आल्यावर आधी सुरत, मग राजकोट, असं त्यांनी सुमारे ३५ वर्षं बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. मधे वरच्या सरकारी सेवेत जाण्याची संधी आली, ती न घेता त्या राजकोटला गेल्या. आजच्या भाषेत याला कुणी "प्रमोशन नाकारलं" म्हणेल. बाळंतपणाला पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून जिथे बाई मरत होती, तिथे त्यांनी आपली विलायती पदवी खर्च केली.

आता आपल्या बाजूला येऊ. जालना तेव्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात नव्हतं, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. गावाला इंग्रजांची छावणी होती, पण राज्य आसफजाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांसाठी "मोठ्या डॉक्टरकडे जाणं" म्हणजे हैदराबादला जाणं. जालन्यात स्कॉटिश मिशनचं काम होतं. नारायण शेषाद्रींनी इथून जवळच बेथेल वसवलं आणि मिशनच्या दवाखान्याचं नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. स्कॉटलंडची पदवी आपल्या गावाला परकी नव्हती, ती गोऱ्या डॉक्टरच्या रूपाने इथे आली होती.

हैदराबादेत १८४६ मध्ये मेडिकल स्कूल निघालं. त्याची विशेष गोष्ट म्हणजे तिथे वैद्यक उर्दूतून शिकवलं जायचं. विषय आधुनिक, पुस्तकं भाषांतरित आणि पास होणाऱ्याला किताब "हकीम"चा. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी १८८५ मध्ये तिथे शिकायला गेली आणि १८८९ मध्ये हकीम झाली. क्लोरोफॉर्म देण्यात तिचा हात बसला. जगातली पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिथले प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या पैशांवर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसवली आणि दुसऱ्या वेळी लंडनहून तज्ज्ञ हैदराबादला बोलावला. रूपाबाई पुढे एडिंबरोला आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला जाऊन शिकून आल्या आणि चादरघाटच्या दवाखान्याच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. क्रम लक्षात घ्या: पाया घरच्या भाषेत, हात घरच्या पेशंटवर बसलेला आणि मग परदेश.

त्याच हैदराबादेत दुसरी वाटही होती. सरोजिनी नायडूंचे पती डॉ. गोविंदराजुलू नायडू एडिंबरोहून शिकून आले आणि निजामाच्या वैद्यकीय सेवेत मोठ्या पदावर गेले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचा जन्म गाझीपूर जिल्ह्यातला, पण त्यांच्या घराण्याचा हैदराबादशी संबंध होता. त्यांनी एडिंबरोहून एम.डी., एम.एस. केलं, लंडनच्या लॉक हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार आणि चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये हाऊस सर्जन झाले. त्या काळात एका हिंदी मुसलमानाला लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात ही जागा मिळणं साधी गोष्ट नव्हती. तिथे थांबले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. ते दिल्लीला परत आले, १९१२ मध्ये बाल्कन युद्धातल्या तुर्की जखमींसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेले, १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि जामिया मिल्लिया उभी करण्यात पुढे राहिले. आपल्या समाजात डॉ. अन्सारींचं नाव राजकारणासाठी घेतलं जातं. ते आधी एक कसबी सर्जन होते, हे पोरांना सांगायला हवं.

उस्मानिया विद्यापीठाने पुढे उर्दूतून शिक्षण देण्याचा प्रयोग मेडिकलपर्यंत नेला आणि १९४८ नंतर तो संपला. त्याच्या राजकारणावर वाद होऊ शकतो, कारण संस्थानातल्या मराठी, तेलुगू, कन्नड मुलांची मायबोली उर्दू नव्हती. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ही बाजूही मला दिसते. पण डॉक्टर आणि पेशंट यांची भाषा एक असावी हा त्यातला विचार मला आजही पटतो. तो पुढे पुन्हा कामाला येणार आहे.

आता त्या मेडिकलवाल्याच्या हसण्याकडे वळू. कुणाची पदवी खरी आणि कुणाची नाही, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १८९२ मध्ये हिंदुस्थानी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना मान्यता दिली. मग बाळंतपणाचं प्रशिक्षण इथे नीट होत नाही असं म्हणत तपासणीचा वाद सुरू केला आणि १९३० मध्ये ती मान्यता काढून घेतली. इथल्या डॉक्टरांना हा अपमान वाटला. त्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला आणि आपली स्वतःची कौन्सिल उभी राहिली. पुढे मान्यता परत मिळाली. १९७५ मध्ये ब्रिटनने ती पुन्हा काढली आणि भारतीय डॉक्टरांना तिथे कामासाठी वेगळी परीक्षा देणं भाग पडलं. ती परीक्षा आज "प्लॅब" म्हणून ओळखली जाते. आपल्या मराठवाड्यातूनही डॉक्टर ही परीक्षा देऊन इंग्लंडला गेले आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांत वर्षानुवर्षं राबले. तेव्हा "परदेशात शिकलेला डॉक्टर" म्हणून संशयाने पाहिला जाणारा माणूस आपला होता.

२००२ मध्ये बाजू बदलली. सोव्हिएत युनियन असताना भारतीय मुलं तिकडे बहुतेक शिष्यवृत्तीवर जायची. १९९१ नंतर तिथल्या आणि आजूबाजूच्या देशांतल्या विद्यापीठांना पैशांची गरज पडली आणि फी घेऊन प्रवेश सुरू झाले. मधे एजंट आले. गर्दी वाढली तशी शंका वाढली, कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००२ पासून परदेशातून शिकून आलेल्या भारतीयांना एफएमजीई ही चाळणी परीक्षा बंधनकारक झाली. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, वर्षातून दोनदा. निगेटिव्ह मार्किंग नाही, कितीही वेळा देता येते. ऐकायला सोपी, पण निकाल पाहा. अनेक सत्रांत पाचातला एकच जण पास झालेला आहे. जून २०२३ च्या सत्रात तर दहातला एक. याच नियमाला एक अपवाद होता: इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना चाळणीतून सूट. ब्रिटिश शिडीची सावली इतक्या वर्षांनीही हलली नव्हती.

त्यापुढचे नियम पालकांनी पाठ करावेत असे आहेत. २०१८ पासून परदेशात एमबीबीएसला जायचं तरी नीट पास होणं गरजेचं झालं. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार, त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तो इंग्रजी माध्यमातून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात स्वतः डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता, या सगळ्या अटी आल्या. परत आल्यावर परीक्षा, मग इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि सुरुवातीपासून सगळं दहा वर्षांच्या आत. कोरोनात चीनने दारं बंद केली, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. हजारो मुलं मोबाईलवर शरीररचना शिकली आणि त्याची भरपाई म्हणून अनेकांची इंटर्नशिप एका वर्षाऐवजी दोन, काहींची तीन वर्षांची झाली.

हिशोब करा. अठराव्या वर्षी गेलेलं पोर सगळं सुरळीत झालं तर पंचविशीत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं कायम रजिस्ट्रेशन हातात घेतं. त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत ते आणि सरकारी कॉलेजात शिकलेलं पोर सारखंच. नीट-पीजी दोघांना, मेडिकल ऑफिसरची जाहिरात दोघांना. डॉक्टर म्हणून वर चढण्याची वाट तिथून सुरू होते. जे चाळणीत अडकतात त्यांची वाट सुरूच होत नाही. कुणी तीन वर्षं क्लास लावून बसतो, कुणी शहरातल्या हॉस्पिटलात नाव न लावता रात्रपाळी करतो. रजिस्ट्रेशन नसताना डॉक्टरकी केली तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ज्या अब्बांनी शेत गहाण ठेवलं त्यांना हे कलम एजंटने दाखवलेलं नसतं.

मुलं चाळणीत का अडकतात? ती ढ असतात म्हणून, असं मला वाटत नाही. एक कारण आमच्या भाषेच्या मास्तरांच्या लगेच लक्षात येतं. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत शिकवतो, पण वॉर्डातला पेशंट रशियन, किर्गिझ किंवा चिनी बोलतो. विद्यार्थ्याला त्याची भाषा पोटापुरती येते, पोटदुखी समजून घेण्यापुरती येत नाही. पेशंट काय सांगतो ते ऐकणं हा वैद्यकाचा अर्धा अभ्यास. आपल्या जालन्यात बाई म्हणते, "जीव घाबरल्यासारखा होतो." दुसरी म्हणते, "सीने में जलन है, डॉक्टरसाब." कुणी "कळ येते" म्हणतं, कुणी "चमक भरली." यातला फरक पुस्तकात नाही. ज्याने सहा वर्षं पेशंटचं बोलणं ऐकलंच नाही, त्याच्या डोक्यात आजार व्याख्या म्हणून राहतो, माणूस म्हणून राहत नाही. रूपाबाईंचा क्रम आठवा. म्हणूनच परत आल्यावरची इंटर्नशिप ही शिक्षा समजून सही पुरती करणाऱ्याचं नुकसान होतं. त्या बारा महिन्यांत त्याला त्याची भाषा आणि त्याचा पेशंट परत मिळतो.

दुसरं कारण आपल्या भागाच्या नशिबाचं. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ मध्ये झालं, अंबाजोगाईला १९७४ मध्ये. जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, पण सरकारी मेडिकल कॉलेजसाठी २०२४ साल उजाडावं लागलं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी कॉलेजांचं एकत्र उद्घाटन झालं, त्यात जालना होतं, जागा १००. त्याआधी बदनापूर तालुक्यात वरुडीला खाजगी मेडिकल कॉलेज झालं होतं. राज्यातला ७०:३० हा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला, तोपर्यंत मराठवाड्यातलं पोर कमी कॉलेजांच्या कोट्यात अडकलेलं होतं. घराजवळ दार नसलं की माणूस दूरचं दार ठोठावतो. बिश्केकला किंवा ताश्कंदला जाणाऱ्या पोरांना "पैसे देऊन डॉक्टर" म्हणून हिणवणाऱ्यांनी हा नकाशा आधी पाहावा.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. कॉलेजात शिकून १९३८ मध्ये चीनला गेले ते युद्धातल्या जखमींची सेवा करायला आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. आज आपली मुलं चीनला जातात ती डॉक्टरकी शिकायला. ऐंशी वर्षांत प्रवासाचा हेतूच उलटा झाला, आणि त्यात त्या मुलांचा दोष नाही.

तरीही चाळणी नको असं मी म्हणणार नाही. इथे आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवते. हिजरी ३१९ म्हणजे इ. स. ९३१ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने एक माणूस दगावला. खलिफा अल-मुक्तदिरने हुकूम काढला की परीक्षा दिल्याशिवाय कुणी वैद्यकी करायची नाही, आणि ती घेण्याचं काम सिनान इब्न साबित या वैद्याला दिलं. जुने इतिहासकार सांगतात की एकट्या बगदादमध्ये आठशेहून जास्त वैद्यांची परीक्षा झाली. जे आधीच नामांकित होते त्यांना त्यातून वगळलं होतं. त्या हुकमामागे पदवी कुठली हा प्रश्न नव्हता, दगावलेला तो माणूस होता.

एफएमजीईकडे मी याच नजरेने पाहतो. अंबडच्या किंवा परतूरच्या बाईला तिच्या बाळंतपणाच्या रात्री समोर उभा असलेला डॉक्टर कझानचा आहे की घाटीचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तिला रक्तस्राव थांबायला हवा असतो. त्यामुळे चाळणी असावी, पण ती सगळ्यांना सारखी असावी. देशात आणि परदेशात शिकलेल्या दोघांनी एकच शेवटची परीक्षा द्यावी, ही "नेक्स्ट" नावाची योजना २०१९ च्या कायद्यात लिहिलेली आहे. ती नीट तयारी करून, सर्वांना पुरेसा वेळ देऊन लागू झाली तर मेडिकलवाल्याचं हसणंही थांबेल.

तोवर ज्यांना पाठवायचंच आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. एजंटला विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो मागू नका. त्या विद्यापीठातून आलेली किती मुलं चाळणी पास झाली ते विचारा. परीक्षा मंडळ असे आकडे प्रसिद्ध करतं, ते स्वतः वाचा. तिथे शिकलेल्याला त्याच देशात परवाना मिळतो का, ते कागदावर बघा. पोरीला पाठवायला घाबरत असाल तर रखमाबाईंचं आयुष्य वाचा. आणि पोर परत आलं की पहिल्या दिवसापासून त्याला "डॉक्टरसाब" म्हणू नका. त्याचे अजून दोन-तीन अवघड वर्षं बाकी आहेत आणि त्या काळात त्याला कौतुकापेक्षा अभ्यासाला शांत खोली आणि घरच्यांचा धीर जास्त लागणार आहे.